हिराजीकाकांची उजवी बाजू

हिराजी म्हात्रे कशाच्याही खाली उभे राहत नाहीत.

पंख्याखाली नाही, नारळाखाली नाही, लग्नमंडपातल्या झुंबराखाली तर नाहीच नाही. आमच्या यार्डात कामाला लागले त्या दिवशी ते पहिल्यांदा माझ्या केबिनमध्ये आले. मे महिना, दिघीच्या खाडीवरची चिकट दुपार. मी त्यांना पंख्याखालची खुर्ची दिली. त्यांनी मान वर करून पंख्याकडे पाहिलं, पंख्याच्या हुकाकडे पाहिलं, मग खुर्ची उचलून कोपऱ्यात नेली आणि घाम पुसत बसले.

मी म्हटलं, "काका, वारा इकडे आहे."

"वारा हाय, पर वर वजान हाय. तो हुक कुनी बगितला हाय?"

कुणीच बघितला नव्हता. ते गेल्यावर मी टेबलावर चढून हुक बघून आलो. ठीक होता. तरी त्या दिवसापासून माझी खुर्चीही वीतभर कोपऱ्याकडे सरकली आहे.

मी या यार्डाचा स्टोअरकीपर, दिनेश. येणारे पाइप, सिमेंट, पत्रे, यंत्रांच्या लाकडी पेट्या उतरवून घ्यायच्या, कुठे ठेवल्या ते लिहायचं आणि कुणी मागितलं की काढून द्यायचं, हे माझं काम. स्वभाव मुळातला उतावळा. चहा निवेपर्यंत मला दम धरवत नाही, रोज जीभ पोळते. गेटवर गाड्या हॉर्न देतात, फोन वाजतो, साइट इंजिनिअर दर दहा मिनिटांनी दारात येऊन "झालं का?" विचारतो. अशा माणसाच्या नशिबी मशीन चालवायला हिराजीकाका आले, याला काय म्हणायचं!

मशीन म्हणजे टेलिहँडलर. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मोठ्या चाकांचं, ट्रॅक्टरच्या जातीचं एक धूड. डाव्या बाजूला चालकाची केबिन, आणि तिच्या उजव्या अंगाला एक लोखंडी हात. हा हात वर होतो आणि एकातून एक निघत लांबही होतो. टोकाला दोन जाड सुळे. सुळ्यांवर माल घ्यायचा आणि पार तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर नेऊन ठेवायचा. यार्डात सगळे तिला 'टेली' म्हणतात. काका 'बाय' म्हणतात. "बायला आज सर्दी हाय" म्हणजे कुठूनतरी तेल गळतंय.

रोज सकाळी काका बायला तीन फेऱ्या मारत. आम्ही त्याला प्रदक्षिणा म्हणायचो. पहिल्या फेरीत टायरांना बुक्क्या, दुसऱ्या फेरीत पिना आणि साखळ्या, तिसऱ्या फेरीत जमीन. जमिनीवर टाच आपटत चालायचे. "भरावाची जमीन हाय बाबा, कवा चाक गिळंल सांगता येत न्हाय." एका बांबूला लाल फडकं बांधून ठेवलेलं, खाडीवरचा वारा बघायला. फडकं आडवं झालं की काम बंद. मग इंजिनिअर नाचो, मी नाचो, काका केबिनमधून उतरून बांबूभोवती येरझारा घालत बसायचे. काम बंद असलं तरी त्यांचे पाय बंद नसत.

आणि त्यांचा तो प्रश्न. "वजान किती?"

ट्रकवाला म्हणायचा, "असेल दीड-दोन टन."

"असेल हे वजान न्हाय."

"अहो काका, अंदाजे."

"अंदाजे म्हंजे तू घरी सांगून आलायस काय, आज येईन अंदाजे?"

एकदा पनवेलहून आलेल्या एका ट्रकवाल्याने तोंडाला येईल ते सांगितलं, सव्वा टन. काकांनी पेटी जमिनीपासून वीतभर उचलली, बायच्या काट्याकडे पाहिलं आणि परत ट्रकमध्ये ठेवली. "खोटं बोलतोस. हे दोन टनाच्या वर हाय." पेटीची कागदपत्रं सापडेपर्यंत पाऊण तास गेला. दोन टन शंभर किलो निघालं. ट्रकवाला जाताना काकांच्या पाया पडला. मी मात्र त्या पाऊण तासात गेटवरच्या सहा ड्रायव्हरांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, त्यामुळे मला काही फारसा भक्तिभाव आला नाही.

केबिनच्या काचेला वजनाचा तक्ता चिकटवलेला आहे. हात किती लांबवला आणि किती वर केला तर किती वजन झेपेल, त्याचा. काका रोज त्याच्यावरून बोट फिरवत पोथीसारखा वाचत. मी एकदा म्हटलं, "काका, आठ वर्षं झाली, पाठ नाही झाला?" ते म्हणाले, "पाठ हाय म्हनून तर वाचतो. पाठ झालेला मानूस चुकतो." तक्त्याचं सार ते चहाच्या टपरीवर कुणालाही समजावून सांगत. अंगाशी धरलं तर बाय साडेतीन टन उचलते, हात पुरता लांबवला की पाऊण टनाला दमते. हे त्यांना कुणी शिकवायला लागलं नव्हतं. मूळचे पेणकडचे, मिठागरावर वाढलेले. आईबरोबर डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिलेल्या. "पाटी डोक्यावर मदोमद असंल तर दिवसभर चालशील. वीतभर सरकली का मान गेली." सासुरवाडी इकडची, म्हणून मग दिघीजवळच घर बांधून राहिले.

हे ज्ञान यार्डापुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. काका ते सगळीकडे घेऊन फिरत. त्यांच्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढपी आमटीची बादली हात लांबवून धरून येत होता. वधूपिता ताटावरून उठले. "बादली अंगाशी घे! अंगाशी! कंबर मोडंल तुजी!" वाढपी दचकला आणि आमटी माझ्या मांडीवर आली. आदल्या रात्री दोन्ही घरांनी मिळून केलेल्या हळदीच्या नाचात तर कहर. पोरांनी नवऱ्या मुलाला खांद्यावर घेतलं होतं. ढोल, बेंजो, सगळं गाव नाचतंय, आणि काका त्या घोळक्याभोवती गरागरा फिरतायत. "खाली मानूस, वर मानूस, हे नियमात न्हाय! उतरवा जावयाला!" शेवटी बेंजो थांबवून जावयाला सुखरूप जमिनीवर ठेवलं तेव्हा त्यांना बरं वाटलं. काकू कपाळाला हात लावून हसत होत्या. काकू म्हणजे अखंड बोलणारी बाई. मला म्हणाल्या, "दिनेशभाव, यांस्नी तुमच्या स्टोरमंदी कुलपात ठेवा वो, आमाला चार दिवस लगीन करू द्या." मुलगी नागावला दिली, तिथे नारळाच्या वाडीत तिचं पाहुण्यांना राहायला देण्याचं घर आहे. काकू पुढे दोन वर्षांनी वारल्या. त्यालाही आता चार वर्षं झाली.

पण काकांची टर उडवणारे आम्ही सगळे एका दुपारी गप्प झालो, तेही सांगायला हवं. तेव्हा रेवाळे म्हणून दुसरा एक चालक होता. हुशार, चपळ, मला तोच आवडायचा, कारण तो भराभर काम करायचा. त्या दुपारी त्याने पत्र्यांचा गठ्ठा उंच उचलला आणि लांब सारायला लागला. जास्त सारला. बायचा भोंगा कोकलायला लागला, लाल दिवा पेटला. रेवाळे घाबरला आणि त्याने हात खाली आणायला घेतला.

घाबरल्यावर कुणीही हेच करेल. उंचावर धोका आहे, तर खाली आणा. पण तुम्ही आपला हात डोक्यावर सरळ धरून हळूहळू खाली आणून बघा. तो नुसता खाली येत नाही, आधी अंगापासून लांब जातो. टेलीचंही तेच. हात खाली येऊ लागला, तसा गठ्ठा आणखी लांब गेला आणि मागची चाकं जमिनीवरून हलकी झाली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, चाकाखालची खडी मोकळी झाली. पलीकडे पत्र्यांच्या शेजारी दोन माणसं उभी होती.

"आखड!" काका धावत आले. "खाली नको! आखड! आदी आखड, मग उतर!"

रेवाळेने हात आत ओढून घेतला. चाकं बसली. भोंगा थांबला. मग गठ्ठा हळूहळू जमिनीवर आला. काकांनी रेवाळेला शिव्या दिल्या नाहीत. त्याला खाली उतरवलं, पाणी पाजलं आणि त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायर तपासतात तशा. पुढे रेवाळे दुसरीकडे निघून गेला आणि बायवर काका एकटेच उरले.

आता माझी गोष्ट. ही सांगायला मला जड जातं.

गेल्या वर्षभरात काकांचं काहीतरी बिनसत चाललं होतं. फोन उचलत नसत. उचलला तर "हां, हां" म्हणून ठेवून देत. चहावाल्याने विचारलं, "काका, साखर किती?" काका म्हणाले, "साडेतीन टन." टपरी हसली, काकाही हसले, मीही हसलो. मग त्यांनी रजिस्टरमध्ये तक्रार लिहिली: बायचा घसा बसला आहे, भोंगा नीट वाजत नाही. मेकॅनिक येऊन बघून गेला. आठवड्याने दुसरी तक्रार, मग तिसरी. तिसऱ्या वेळी मेकॅनिकने माझ्यासमोर भोंगा वाजवला. माझ्या केबिनमध्ये बसल्या बसल्या मी कानावर हात ठेवले. काका भोंग्याला कान लावून उभे होते. म्हणाले, "वाजतोय, पर दम न्हाय त्याच्यात."

मला तेव्हाच कळलं.

कळलं आणि मी गप्प बसलो. काका मला आवडायचे, हे एक कारण. वाईट वाटेल म्हाताऱ्याला. पण खरं बोलायचं तर दुसरं कारण मोठं होतं. रेवाळे गेलेला, दुसरा चालक मिळत नव्हता आणि गेटवर गाड्या उभ्या होत्या. काका सीटवरून उतरले असते तर माझं यार्ड बंद पडलं असतं.

मग वर्षाची तपासणी आली. यार्डातल्या सगळ्यांची नजर, कान, रक्तदाब बघायला एक डॉक्टर आले. मी काकांच्या शेजारी जाऊन बसलो. डॉक्टरांनी हळू आवाजात काही विचारलं की मी मध्येच बोलायचो, "डॉक्टर, यांना पुस्तकी मराठी समजत नाही, मी सांगतो." आणि काकांच्या तोंडासमोर तोंड नेऊन ठणाणा ओरडायचो. डॉक्टरांना चाळीस माणसं उरकायची होती. त्यांनी 'फिट' लिहून सही ठोकली. बाहेर आल्यावर काका माझ्यावर तापले. "मला मराठी समजत न्हाय? आरं मी सातवी पास हाय! आन् वरडत व्हतास कशाला एवडा?" मी हसून वेळ मारून नेली. घरी जाताना मी फार खुशीत होतो.

त्यानंतर आठच दिवसांनी काका लांब पाइपांचा जुडगा सुळ्यांना टांगून उचलत होते. असा लोंबता माल हेलकावू नये म्हणून त्याच्या टोकाला दोर बांधतात, आणि एक खलाशी, म्हणजे माल बांधणारा-धरणारा मजूर, लांब उभा राहून तो दोर सैल धरतो. खलाशी युसूफ, आगरदांड्याचा, वीस वर्षं हेच काम केलेला. दोर हाताला गुंडाळायचा नाही हे त्याला माझ्याहून चांगलं माहीत. पण घामाने दोर निसटत होता म्हणून त्याने तळव्याला एक वेढा मारला. आणि वाऱ्याने जुडगा फिरला, तसा युसूफ दोराबरोबर सरकत बायच्या उजव्या अंगाला गेला.

ती बाजू वाईट. बायचा हात वर निघाला की उजवीकडचं सगळं झाकून टाकतो. काका नेहमी सांगत, "उजवीकडं डोळं कामाचं न्हाय, तिकडं कानानं बगायचं." त्यांचा नियमच होता, उजवीकडून कुणीही "थांब" म्हटलं, मग तो चहावाला का असेना, की थांबायचं. आधी थांबायचं, मग विचारायचं.

"थांब! काका, थांब! या अल्ला, थांब!"

युसूफ ओरडत होता. मी माझ्या केबिनमध्ये होतो, दार बंद होतं, तरी मला ऐकू आलं. पाइप वरच चालले होते. दोर ताठ झाला, युसूफचा हात डोक्याच्या वर गेला, मग त्याच्या टाचा उचलल्या. मी फोन टाकून पळालो. सगळं यार्ड ओरडत होतं. एकटे काका तेवढे शांत बसून वर बघत होते.

कशामुळे थांबले, तर दोरामुळे. सैल लोंबायला हवा तो दोर ताठ दिसला आणि त्यांनी बायचा हात जागेवर रोखला. दोर क्षणभर सैल पडला आणि वेढा सुटला. युसूफ बसकण मारून खाली बसला. तळव्याची साल सोलून निघाली होती, बाकी हात शाबूत होता. आणखी हातभर वर गेला असता तर काय झालं असतं, ते मला लिहवत नाही.

काकांनी हात आखडला, पाइप उतरवले, सुळे जमिनीला टेकवले, ब्रेक ओढला, चावी काढली. सगळं क्रमाने, नेहमीसारखं. युसूफकडे गेले, त्याचा हात हातात घेऊन बघितला. विचारलं, "वरडला व्हतास?"

युसूफ म्हणाला, "किती वेळ, काका."

मग ते माझ्या केबिनमध्ये आले आणि टेबलावर चावी ठेवली. उभेच राहिले. मला वाटलं, आता येरझारा सुरू होतील. झाल्या नाहीत.

"भोंगा चांगला हाय ना रं?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"म्हंजे माजंच."

मला खोटं बोलवेना. मी सांगितलं की मला ठाऊक होतं. तीन महिन्यांपासून. डॉक्टरांसमोर मी मुद्दाम ओरडत होतो, तेही सांगितलं. ते माझ्या ओठांकडे बघत ऐकत होते. मला वाटलं, मुस्काटात मारतील. मारली असती तर बरं झालं असतं. ते खुर्चीवर बसले.

"युसूपचा हात गेला असता," ते म्हणाले. "तुज्यामुळं. आन् माज्यामुळं."

"हो, काका."

"लिव्हून दे तसं वरती. खरं काय ते लिव्ह."

"लिहितो." आणि मी त्याच दिवशी लिहिलं, माझ्या सहीने. पण ते नंतर. त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच घोळत होतं आणि न राहवून मी विचारलं, "पण काका, तुम्हाला इतके दिवस कळलं कसं नाही? इथे मशीनचा आवाज असतो, ठीक आहे. पण घरी?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फार सोपी गोष्ट विचारली.

"घरी कोन बोलतंय रं?" ते म्हणाले. "ती गेली, तवापास्नं घरात आवाजच न्हाय. मला वाटायचं, घर गप झालंय." मग म्हणाले, "पोरगी फोन करती आयतवारी. लई बारीक बोलती. मी म्हनायचो, सासरी हाय, हळू बोलत आसंल. हां हां म्हनून ठेवतो. तिला वाटतं, बाबा रुसलाय."

माझा फोन वाजत होता. मी तो पालथा घातला.

"बोल कायतरी," काका म्हणाले.

"काय बोलू?"

"काय पन बोल. मोठ्यानं बोल, पर वरडू नको. वरडतात समदेच."

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर घेतली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी. आणि माझ्या मेल्या डोक्यात काही म्हणता काही येईना, तेव्हा विचारलं, "आज डब्यात काय आणलंय?"

त्यांना पहिल्या खेपेला ऐकू आलं. चेहरा उजळला त्यांचा.

"बोंबलाचं कालवन," ते म्हणाले, आणि मग सांगत सुटले. बोंबील कुणाकडून घेतले, ओले कसे ओळखायचे, काकू त्यात आमसुलं किती टाकायच्या आणि ते स्वतः टाकतात तेव्हा आंबट का होतं, पहिल्या वर्षी एकट्याने केलं तेव्हा कसं करपलं होतं. मी मध्ये मध्ये विचारत होतो, ते उत्तर देत होते. गेटवर गाड्यांच्या हॉर्नचा गोंगाट चालला होता. त्यांना तो ऐकू येत नव्हता, आणि मी काही उठलो नाही.